वार्षिक मेंबरशिप काढून ट्रिपचा खर्च खरंच कमी होतो का?

अळूवडी

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत कोलंबसला राहतो. आम्ही दोघं, मुलगा नऊ वर्षांचा (ऑगस्टमध्ये चौथीत जाईल) आणि मुलगी पाच वर्षांची. यंदा जूनमध्ये नाशिकहून सासू-सासरे येतायत, नोव्हेंबरपर्यंत आहेत. म्हणजे कुठेही जायचं तर सहा माणसं.

बेत असा आहे की जूनच्या शेवटी गाडीने पिट्सबर्ग, तिथून फिलाडेल्फिया, चार जुलैची आतषबाजी तिथेच बघायची, मग वॉशिंग्टन आणि घरी. शिवाय ऑक्टोबरात पानांचे रंग दाखवायला शेनांडोआ नाहीतर स्मोकी माउंटन्स, यातलं एक नॅशनल पार्क.

काल रात्री बसून नुसत्या तिकिटांची बेरीज केली आणि झोप उडाली. दोन सायन्स म्युझियम, एक झू, एक लहान मुलांचं म्युझियम, आणि प्रत्येक ठिकाणी सहाने गुणायचं. हॉटेलच्या खालोखाल तोच आकडा निघाला.

ऑफिसातली एक जण म्हणाली, "कुठल्याही एका सायन्स म्युझियमची वर्षाची मेंबरशिप घे, देशभर फुकट फिरशील." नवऱ्याचं म्हणणं, हे जिमसारखं होणार, जानेवारीत पैसे भरायचे आणि मार्चनंतर त्या रस्त्याने जायचंही नाही. दोघांपैकी कोण बरोबर? घ्यायची तर कुठली घ्यावी? सासू-सासरे त्यात बसतात का? नॅशनल पार्कचा पास वेगळा काढावा लागतो का? ज्यांनी खरोखर वापरलंय त्यांनी सांगा. जाहिराती वाचून झाल्यात.

टिवल्याबावल्या

वॉशिंग्टनपुरतं पाकीट हॉटेलात ठेवलंत तरी चालेल. तिथली स्मिथसोनियनची सगळी म्युझियम फुकट, नॅशनल झूसुद्धा फुकट. एअर अँड स्पेसला मात्र वेळ ठरवलेला पास आधी ऑनलाइन काढून ठेवा, त्यालाही पैसे नाहीत. झूला गाडी नेलीत तर पार्किंगचे ३० डॉलर जातात, म्हणून मेट्रोने जा आणि क्लीव्हलँड पार्क स्टेशनला उतरा. सगळे वुडली पार्क सांगतात, पण तिकडून चढ आहे आणि तुमच्याबरोबर सासूबाईंचे गुडघे आहेत.

फिलाडेल्फियात लिबर्टी बेल फुकट. इंडिपेन्डन्स हॉलचं तिकीटही फुकट, फक्त ऑनलाइन जागा राखायची तर माणशी १ डॉलर.

आणि मेंबरशिपवर एक दमडी घालवण्याआधी आपल्या लायब्ररीत जाऊन विचारा. बऱ्याच लायब्रऱ्या पुस्तकासारखे म्युझियमचे पासही देतात. ते गावच्या आसपासचेच असतात, पण आजी-आजोबा नोव्हेंबरपर्यंत आहेत म्हटल्यावर गावातलेही शनिवार-रविवार भरायचे आहेतच की.

मजलदरमजल

अळूवडी, तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं ते जरा सविस्तर लिहिते, कारण दोन मुलं घेऊन आम्ही बरीच वर्षं याच जोरावर हिंडलो. मी पिट्सबर्गात असते. मुलं आता कॉलेजात आहेत आणि त्यांना माझ्याबरोबर कुठेही यायचं नसतं, तेव्हा हे ज्ञान कोणाच्या तरी उपयोगी पडू दे.

"देशभर चालणारी मेंबरशिप" अशी कोणी विकत नाही. म्युझियमांच्या वेगवेगळ्या संघटना आहेत आणि प्रत्येकीचा आपसातला करार वेगळा आहे. सायन्स सेंटरांच्या कराराला एएसटीसी पासपोर्ट म्हणतात. तुम्ही एका सहभागी सेंटरचे सभासद असाल तर परगावच्या सहभागी सेंटरात साधा प्रवेश फुकट. झूंचा करार एझेडए या संघटनेतर्फे चालतो, तिथे बहुतेक ठिकाणी निम्मं तिकीट पडतं. मुलांच्या म्युझियमांचा एसीएम या संघटनेचा करार आहे, तिथेही निम्मं, पण सहा जणांपर्यंत. हे "सहा" लक्षात ठेवा, तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे. कला आणि इतिहासवाल्यांचं नार्म नावाचं जाळं आहे, हजाराच्या वर संस्था त्यात आहेत, पण त्यासाठी सहसा वरच्या श्रेणीची, महागडी मेंबरशिप घ्यावी लागते. सासऱ्यांना चित्रांची फारच हौस असेल तर बघा, नाहीतर पाच वर्षांच्या पोरीला घेऊन किती कलादालनं बघून होतात ते मला माहीत आहे.

म्हणजे खरेदी करताना "हे म्युझियम चांगलं आहे का" एवढंच बघून भागत नाही. "याच्या कार्डावर कुठकुठल्या करारांची खूण येते, आणि ती कुठल्या श्रेणीपासून येते" हे विचारायचं. एकाच म्युझियमची सगळ्यांत स्वस्त श्रेणी घेतली तर परगावचे हक्क नसतात आणि वीस-तीस डॉलर जास्त भरले की येतात, असं पुष्कळ ठिकाणी असतं. वेबसाइटवर हे श्रेणींच्या तक्त्यात अगदी तळाला, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता नव्वद मैलांची भानगड. एएसटीसीचा नियम असा की ज्या सेंटरला जायचंय ते तुमच्या मेंबरशिपच्या सेंटरपासून ९० मैलांच्या आत नको, आणि तुमच्या घरापासूनही ९० मैलांच्या आत नको. अंतर रस्त्याचं धरत नाहीत, नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजतात. दोन्ही अटी एकदम लागू. त्यामुळे लांबच्या कुठल्या तरी स्वस्त म्युझियमचं कार्ड पोस्टाने मागवायचं आणि आपल्याच गावचं सेंटर फुकट बघायचं, हा मार्ग बंद आहे. तिकिटाच्या खिडकीवर घरचा पत्ता असलेलं ओळखपत्र मागतात ते यासाठीच.

तुमच्या बाबतीत मांडून बघा. कोलंबसहून डेटन सरळ रेषेत साधारण ६५ मैल, म्हणजे बाद. सिनसिनाटी शंभराच्या आसपास, म्हणजे काठावर पास, पण तुम्ही शहराच्या नैऋत्येला राहत असाल तर आधी मोजून घ्या. क्लीव्हलँड आणि टोलेडो सव्वाशेच्या जवळ, चालतील. पिट्सबर्ग १६० च्या घरात, आणि फिलाडेल्फियाचा तर प्रश्नच नाही. म्हणजे ओहायोत राहूनही क्लीव्हलँडचं ग्रेट लेक्स सायन्स सेंटर, टोलेडोचं इमॅजिनेशन स्टेशन हे सगळं एकेका दिवसाच्या टप्प्यात येतं. मी तुमच्या जागी असते तर या दिवसभराच्या सहलींचा हिशेब मोठ्या ट्रिपच्या आधी केला असता. मोठी ट्रिप वर्षातून एकदा होते, क्लीव्हलँडला शनिवारी उठून जाता येतं.

सासू-सासऱ्यांचा मुद्दा नाजूक आहे. नाशिक ९० मैलांच्या बाहेर आहे याबद्दल वाद नाही, पण अडचण नावांची आहे. फॅमिली कार्डावर बहुतेक ठिकाणी दोन मोठ्या माणसांची नावं पडतात, आणि मुलं. काही म्युझियम जास्त पैसे घेऊन तिसरं नाव घालू देतात, किंवा "सोबत एक पाहुणा" अशी श्रेणी ठेवतात. पण तो पाहुणा घरच्या म्युझियममध्ये चालतो, परगावी त्याला विचारत नाहीत. तेव्हा सायन्स सेंटरला तुम्ही चौघं कार्डावर आणि आजी-आजोबांची दोन ज्येष्ठ नागरिकांची तिकिटं, असाच हिशेब धरून चाला. याउलट मुलांच्या म्युझियमला सहाही जण निम्म्यात. फिलाडेल्फियात मेमोरियल हॉलमध्ये प्लीज टच म्युझियम आहे, १८७६ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली इमारत आहे ती. मुलगी पाचची आहे तोवर तिथे जाण्यात अर्थ आहे, मुलगा थोडा कुरकुर करेल. जाण्याआधी एसीएमच्या चालू यादीत नाव बघून घ्या.

डेटनच्या बूनशॉफ्ट म्युझियमचं नाव तुम्हाला या विषयात पुन्हा पुन्हा ऐकू येईल. आकाराने बेताचं, पण त्यात सायन्स आहे, मुलांचं म्युझियम आहे आणि एक छोटं झूसुद्धा आहे, त्यामुळे त्याच्या वरच्या श्रेणीच्या कार्डावर तिन्ही करारांचे हक्क मिळतात. दूरदूरच्या राज्यांतली माणसं ते म्युझियम डोळ्यांनी न बघता त्याचं कार्ड घेतात. तुम्हाला ते घ्यावं की नाही हा वेगळा प्रश्न आहे.

कार्ड असूनही खिशातून जाणारे पैसे विसरू नका. पार्किंग, आयमॅक्स, तारांगण, खास प्रदर्शनं यातलं काही "साध्या प्रवेशात" येत नाही. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूट या सायन्स म्युझियममधलं ते माणूस आत शिरून फिरतो असं भलंमोठं हृदय साध्या प्रवेशात येतं, आणि मुलांना तेच आठवत राहतं. दारात गेल्यावर खास प्रदर्शनाची मोठ्ठी पाटी दिसेल. तिच्याकडे पाठ करून चालायचं.

तारखेचंही एक गणित आहे. वर्ष खरेदीच्या दिवसापासून सुरू होत असेल तर जुलैत घेतलेलं कार्ड पुढच्या वर्षी जूनमधल्या ट्रिपलाही चालतं. एका वर्षात दोन उन्हाळे. फक्त अगदी निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. काही ठिकाणी नुसती पावती दाखवून भागत नाही, कार्डच हवं असतं. एएसटीसीची यादी १ मे आणि १ नोव्हेंबरला बदलते, तेव्हा निघताना त्या सहामाहीची यादी उघडून बघा. गेल्या वर्षी कोणी काय लिहिलं त्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

पिट्सबर्गला आलात तर इथल्या ओकलंड भागातली कार्नेगीची दोन म्युझियम, कला आणि नॅचरल हिस्टरी, एकाच इमारतीत आहेत आणि एकाच तिकिटात होतात. डायनासोर तिथे आहेत. सायन्स सेंटर वेगळं, नदीपलीकडे, २०२४ पासून त्याचं नाव कामिन सायन्स सेंटर झालंय. जुन्या नावाने शोधाल तर गोंधळ होईल. आणि सासू-सासरे बरोबर आहेत म्हणजे पेन हिल्सचा बालाजी होणारच. तिथे कुठलंच कार्ड लागत नाही आणि चिंचेचा भात मिळतो. आमच्या घरी आलेल्या एकाही पाहुण्याने डायनासोरबद्दल नंतर फोनवर विषय काढलेला नाही. त्या भाताबद्दल काढलाय.

हिशेबनीस

मजलदरमजल यांनी नियम चोख सांगितलेत. मी जरा दुसऱ्या बाजूने बघतो.

कागदावर फक्त ती ठिकाणं लिहा जिथे मेंबरशिप नसती तरी पूर्ण पैसे मोजून गेला असतात. त्या तिकिटांची बेरीज करा. तीच तुमची बचत मोजायची पट्टी. कार्ड हातात आल्यावर "फुकट आहे तर जाऊन येऊ" म्हणून ज्या ठिकाणी जाल, त्यांची तिकिटं बचतीत धरायची नाहीत. उलट तिथलं पार्किंग, कॅफेटेरिया आणि दाराशी ठेवलेलं खेळण्यांचं दुकान खर्चात धरायचं. म्युझियमवाल्यांना हे गणित आपल्यापेक्षा चांगलं येतं, म्हणून तर बाहेर पडायचा रस्ता दुकानातून जातो.

समजा कार्ड १५० डॉलरचं. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग मिळून चौघांची १८० डॉलरची तिकिटं वाचली, तर ट्रिपमध्ये ३० डॉलर सुटले. एवढ्यासाठी कोणी धागा काढत नाही. खरी बचत गावच्या फेऱ्यांतून होते, आणि तिथे तुमच्या नवऱ्याच्या शंकेत दम आहे. म्हणून त्याला विचारा, डिसेंबर ते मार्च शनिवारी दुपारी मुलांना कुठे नेता? उत्तर "मॉल" किंवा "ट्रॅम्पोलिन" असेल तर कार्ड घ्या. उत्तर "मराठी शाळा, मग पोहणं, मग कोणाचा तरी वाढदिवस" असेल तर तिकिटं काढा.

दुसरं, आपोआप नूतनीकरण. फॉर्म भरताना एक चौकोन आधीच टिक केलेला असतो. एका म्युझियमने माझे दुसऱ्या वर्षाचे पैसे असेच कापले आणि परत द्यायला नकार दिला. टिक काढा, निदान फोनमध्ये अकराव्या महिन्याची आठवण लावा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं. २०२६ चा चार जुलै फिलाडेल्फियात? या वर्षी देशाला २५० वर्षं पूर्ण होतायत आणि त्याच दिवशी त्याच शहरात फुटबॉल वर्ल्ड कपचा बाद फेरीतला सामना आहे. स्पर्धा ११ जून ते १९ जुलै चालणार आहे. हॉटेलचे दर उघडून बघितलेत का? म्युझियमच्या तिकिटात जे वाचवाल ते एका रात्रीत जाईल. आतषबाजीसाठीच जायचं असेल तर जरूर जा, हौसेला मोल नाही. पण म्युझियम बघायला जायचं असेल तर जुलैचा शेवटचा आठवडा घ्या.

आता नॅशनल पार्क. तुम्ही इथले रहिवासी असल्यामुळे अमेरिका द ब्युटिफुल पास तुम्हाला वर्षाला ८० डॉलरला पडतो. तुमच्या बेतात तो बसत नाही. शेनांडोआला गाडीमागे ३० डॉलर, ते सात दिवस चालतात आणि गाडीत सहा जण असले तरी तेवढेच. स्मोकी माउंटन्सला प्रवेश फीच नाही. तिथे १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी लावायची तर पार्किंगचा टॅग लागतो, दिवसाचा ५ डॉलर, आठवड्याचा १५, वर्षाचा ४०, आणि त्या टॅगऐवजी ८० डॉलरचा पास चालत नाही. पास घेऊन गेलेली मंडळी तिथे पार्किंगमध्ये वाद घालताना मी पाहिलीत.

आणि तुमचा मुलगा चौथीत जातोय! मग ऑक्टोबरचा शेनांडोआ फुकट. एव्हरी किड आउटडोअर्स म्हणून योजना आहे, चौथीच्या मुलाला १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट पास मिळतो आणि त्याच्या गाडीतली सगळी माणसं त्यावर आत जातात. योजनेच्या वेबसाइटवरून पास काढून बरोबर न्यायचा. पुढच्या उन्हाळ्यातही तो पास चालेल, तेव्हा २०२७ ची मोठी ट्रिप पार्कांची करा. बहिणीची चौथी यायला चार-पाच वर्षं आहेत.

सासू-सासऱ्यांसाठी कोणी ६२ वर्षांवरच्यांचा सीनियर पास सुचवेल. तो फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो, व्हिजिटर व्हिसावर नाही. शिवाय २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना ११ मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा लावलेत. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन वगैरे. पूर्वेकडची त्यात अकेडिया आणि एव्हरग्लेड्स आहेत. शेनांडोआ आणि स्मोकी त्या यादीत नाहीत, त्यामुळे तुमचा ऑक्टोबर सुरक्षित.

रानवाटा

झूबद्दल कोणी फार लिहिलं नाही म्हणून थोडंसं. एझेडएच्या यादीतही प्रत्येक झू स्वतः ठरवतं, निम्मं द्यायचं की पूर्ण फुकट, आणि शेजारच्या झूच्या सभासदांना द्यायचं की नाही. त्यामुळे ज्या झूला जायचंय तिथे फोन केल्याशिवाय धरून चालू नका. संघटनेची मान्यताही कायमची नसते. तुमच्या कोलंबस झूची २०२१ मध्ये गेली होती, २०२३ मध्ये परत मिळाली.

मेंबरशिप न घेता झू बघायचं असेल तर लेबर डेच्या सुट्टीत सेंट लुईसला जा. फॉरेस्ट पार्कमधलं झू, आर्ट म्युझियम आणि सायन्स सेंटर, तिन्हींना प्रवेश फुकट आहे. १९७१ पासून शहर आणि काउंटीतल्या लोकांच्या मालमत्ता करातून यासाठी पैसे जातात. बाहेरच्यांनाही तिकीट नाही. पार्किंगचे आणि आतल्या काही राइड्सचे पडतात तेवढेच. जाताना इंडियानापोलिस लागतं, तिथे चहाला थांबता येतं.

अळूवडी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काल नवऱ्याला बसवून हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. हिशेबनीस यांचा परिच्छेद त्याने दोनदा वाचायला लावला, साहजिकच.

फिलाडेल्फियाच्या हॉटेलांचे दर बघितले. चार जुलैचा बेत रद्द. आतषबाजी कोलंबसलाच बघू, ट्रिप जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. चौथीच्या पासबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, मुलगा आतापासूनच "माझ्या पासवर तुम्ही येणार" म्हणून ऐटीत आहे.

आता घोळ एवढाच की आमच्या कोलंबसच्या कोसाय या सायन्स सेंटरचं कार्ड घ्यावं की डेटनच्या बूनशॉफ्टचं? बूनशॉफ्टवर तीन करार आहेत म्हटल्यावर ते जास्त फायद्याचं वाटतंय. पण ते घेतलं तर कोसायला जाता येईल का? शनिवारचं विचाराल तर मराठी शाळा एक आड एक रविवारी असते, शनिवार मोकळे असतात आणि आम्ही खरंच मॉलमध्ये जातो. सासऱ्यांना थंडी सोसत नाही, ऑक्टोबरपासूनच त्यांना आत कुठेतरी न्यावं लागेल. आणि कार्डावर नावं कोणाची घालू?

मजलदरमजल

बूनशॉफ्टच्या कार्डावर कोसाय मिळणार नाही. दोन्ही एकमेकांपासून ९० मैलांच्या आत, आणि कोसाय तुमच्या घरापासूनही ९० मैलांच्या आत. म्हणजे डेटनचं कार्ड घेतलंत तर घरापासून पंधरा मिनिटांवरच्या सेंटरला पूर्ण तिकीट, आणि कार्डाचं घरचं म्युझियम तासाभराच्या ड्राइव्हवर. जी माणसं सतत रस्त्यावर असतात, किंवा ज्यांच्या गावात सायन्स सेंटरच नाही, त्यांना ते कार्ड शोभतं. तुम्ही शनिवारी मॉलमध्ये जाता म्हणालात तिथेच निकाल लागला. कोसाय घ्या.

तीन करारांचा मोह सोडताना काय गमावताय तेही बघा. झू तुम्हाला वॉशिंग्टनला फुकट मिळतंय. राहिलं प्लीज टच, एका दुपारीसाठी सहा तिकिटं. त्याच्या निम्म्या सवलतीसाठी वर्षभर डेटनला बांधून घेण्यात मला राम दिसत नाही. तिथे पूर्ण पैसे भरून जा, किंवा सरळ गाळा आणि मुलांना फ्रँकलिनमध्ये जास्त वेळ द्या. पाच वर्षांच्या मुलीला दोन म्युझियममधला फरक कळत नाही, पाण्याचं टेबल कुठे आहे तेवढं कळतं.

श्रेणी निवडताना कोसायला फोन करून दोन गोष्टी विचारा. एएसटीसी पासपोर्ट कुठल्या श्रेणीपासून मिळतो, आणि तिसऱ्या मोठ्या माणसाचं नाव घालता येतं का. नावं तुमची दोघांचीच घाला. परगावी ओळखपत्र तुमचंच दाखवायचंय आणि सासू-सासरे नोव्हेंबरात परत जातील, कार्ड पुढच्या जुलैपर्यंत चालायचंय. जादा नाव मिळत असेल आणि फार महाग नसेल तर सासऱ्यांचं घाला. थंडीच्या दिवसांत नवरा ऑफिसात असताना तुम्ही, आजोबा आणि मुलं असं जाता येईल. सासूबाईंना त्या दिवशी घरात शांतपणे झोपू द्या. मागून घेणार नाहीत, पण नको म्हणायच्या नाहीत.

कार्ड जुलैच्या सुरुवातीला घ्या, पहिल्यांदा कोसायलाच वापरून बघा म्हणजे नावात काही चूक असेल तर ती घरीच दुरुस्त होईल. निघायच्या आधी फ्रँकलिनला आणि आमच्या कामिनला फोन करून विचारा, पासपोर्टवाल्यांना आधी वेळ राखावी लागते का, आणि एका कार्डावर किती जणांना सोडतात. फोन उचलणाऱ्याला "पासपोर्ट" म्हटल्यावर कळलं नाही तर सभासद विभागाला जोडून द्या म्हणायचं. आणि दोघांचीही ड्रायव्हिंग लायसन्स बरोबर असू द्या, त्यावर सध्याचाच पत्ता असल्याची खात्री करून. घर बदललेल्यांचं घोडं तिथेच अडतं.